कॉम्प्युटरला पाणी पाजायचं ठरलं तेव्हा

शूर माणसाकडं सांगायला किस्से कमीच असतात. तो जातो, काम उरकतो, घरी येऊन जेवतो. किस्से साठतात ते भित्र्या माणसाकडं. कारण एका दिवसाच्या कामाला तो दोन महिने लावतो, आणि त्या दोन महिन्यांत काय काय घडत राहतं! मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको.

हे सगळं नव्वदीच्या अगदी शेवटाला, साताऱ्यात झालं. माझं डीटीपीचं दुकान. पुढं दुकान, मागं राहायची खोली, आणि दोन्हींवर पत्रा. आता स्लॅब आहे, तेव्हा पत्रा होता. दुकानात एकच कॉम्प्युटर. त्यावर मी सांगलीच्या एका छापखान्याच्या लग्नपत्रिका, हळदीच्या पुड्यांची पाकिटं, यात्रेची हँडबिलं असं सगळं करून द्यायचो.

माझी बायको शोभा तेव्हा सातव्या महिन्यात होती. आणि चुलतभावानं मुंबईत एका ऑफिसात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. "तिकडं काय जमंना झालं तर ये," असं त्याचं पत्र होतं. लोक म्हणतील, मग काय वाईट? वाईट हेच. माझे वडील माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. उभा जन्म मुंबईत गोदीत काढला. वर्षातून दोनदा घरी यायचे. लहानपणी मी त्यांना पाहुणाच समजायचो, ते आले की दाराआड लपायचो. मला तसला बाप व्हायचं नव्हतं. म्हणजे हिशोब सोपा होता. मशीन चाललं तर सातारा, मशीन गेलं तर मुंबई.

आणि मशीन रोज दुपारी एकला बंद पडत होतं!

*

एप्रिलचा पत्रा म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. सकाळी मशीन झकास चालायचं. बारा वाजता धापा टाकायला लागायचं. एकच्या ठोक्याला पडदा जागच्या जागी गोठायचा. एकदा एका पत्रिकेत 'चि. सौ. कां.' एवढंच टाइप झालं आणि पुढची नवरी गायब! छापखान्याचे मालक फोनवर म्हणाले, "दिलीप, लग्नसराईत हे चालायचं नाही. अजून एकदा काम अडकलं तर मी कोल्हापूरला देणार."

कॅबिनेट उघडं टाकून टेबलफॅन लावला. फॅन पत्र्याखालचीच गरम हवा आत ढकलायचा. पहाटे उठून काम केलं, पण गिऱ्हाईक काही पहाटे येत नाही.

अशात आमचे पाटणकर सर आले. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि कॉम्प्युटरची परदेशी मासिकं कुठून कुठून मिळवून वाचायचे. आले, माठातलं पाणी ग्लासात घेतलं आणि मशीनच्या शेजारी उभे राहून म्हणाले, "दिलीपराव, अमेरिकेत पोरं आता प्रोसेसर पाण्यानं गार करतात."

मी झटक्यात उठलो, दोन्ही हात पसरून त्यांच्या आणि मशीनच्या मध्ये उभा राहिलो.

"सर," मी म्हणालो, "आधी तो ग्लास खाली ठेवा!"

*

सरांनी समजावून सांगितलं. प्रोसेसरवर पाणी ओतायचं नसतं. त्याच्या डोक्यावर तांब्याची एक पोकळ डबी घट्ट बसवायची. पंपानं त्या डबीतून पाणी फिरवायचं. पाणी उष्णता घेऊन बाहेर जाणार, रेडिएटरमध्ये गार होणार, परत टाकीत येणार. "गाडीचं इंजिन असंच गार होतं की," सर म्हणाले.

गाडी म्हटल्यावर सुभेदार काकांना बोलवावंच लागलं. सुभेदार काका म्हणजे आमच्या गल्लीतले रिटायर्ड फौजी. सगळी नोकरी मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. मिशीला रोज तेल, बुटाला रोज पॉलिश. त्यांनी एका लग्नपत्रिकेचं बाद प्रूफ उलटं केलं आणि पाठीवर नकाशा काढायला घेतला.

"दुश्मन कोन?" त्यांनी विचारलं.

"पाणी," मी म्हणालो.

"आन् दुश्मनाला आपुन आपल्या हातानं आत घ्यायचं?"

"हो," सर म्हणाले.

"लय डेंजर प्लॅन हाय," काका खूश होऊन म्हणाले. "मंजूर!"

मग त्यांनी एकेक कलम लिहिलं. सामान काय, कोण आणणार, कुठून आणणार. सगळ्यात वर इंग्रजीत 'कॅज्युअल्टी एक्स्पेक्टेड' लिहून पुढं आकडा टाकला: एक.

"हे कोण काका?" मी विचारलं.

काकांनी पेन्सिल माझ्या कॉम्प्युटरकडं रोखली. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

*

पंप आणायला सांगलीला गेलो. मासे पाळतात त्या काचेच्या टाकीतला पंप चालेल, असं सरांचं म्हणणं. तो पंप सबंध पाण्यात बुडवायचा असतो आणि त्याची पिन आपल्या भिंतीतल्या सॉकेटात!

माशांच्या दुकानदाराला मी विचारलं, "मालक, ह्यानं पाण्यात करंट येत नाही ना?"

"न्हाई वो! वीस वर्सं इकतोय. करंट आला असता तर मासं जगलं असतं का?"

मी टाकीकडं बघितलं. वरच्या बाजूला एक मासा पोट वर करून शांतपणे तरंगत होता.

मी दुकानदाराकडं बघितलं. दुकानदारानं माशाकडं बघितलं.

"त्यो म्हातारा झालता," तो म्हणाला.

पंप घेतला. दुसरं दुकानच नव्हतं, करतो काय?

*

तांब्याची डबी कोण करणार? त्यासाठी सुभेदार काकांनी त्यांचे दोस्त शोधून काढले, सांगलीचे इकबालभाई. फ्रीज आणि वॉटरकूलर दुरुस्त करायचे. तांब्याच्या नळीला त्यांनी झाळ दिली की सात पिढ्या गळायची नाही, असा लौकिक. पण ते अडून बसले. "माप कागदावर नको. माल हातात पायजे." म्हणजे प्रोसेसर घेऊन या!

तो बाहेर काढताना मी देवाचं नाव घेतलं, नुसतं एकाचं नाही, आठवतील तेवढ्यांचं. डब्यात कापूस घातला, त्यावर प्रोसेसर ठेवला, वर कापूस, वर झाकण. आणि डबा मांडीवर धरून एसटीत बसलो.

कराडला शेजारी एक गडी येऊन बसला. त्यानं भाकरी सोडली, माझ्याकडं बघितलं. "जेवा की पाव्हणं. लाजताय व्हय?" असं म्हणत त्यानं आपुलकीनं माझ्या डब्याच्या झाकणाला हात घातला.

"हात लावू नका!" मी ओरडलो. "उडेल!"

मला म्हणायचं होतं, अंगातल्या विजेनं प्रोसेसर उडेल. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. पण एसटीतल्या माणसाला हे कसं कळावं? त्या वर्षांत सगळ्या स्टँडांवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' अशा पाट्या लागलेल्या. तो गडी भाकरी तशीच टाकून उठला. मागनं कुणीतरी ओरडलं, "बाँब हाय, बाँब!"

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. सगळी गाडी दोन मिनिटांत रिकामी. कंडक्टर लांबून मला म्हणाला, "तुमी त्या बाभळीखाली जावा, एकटंच. आन् तुमीच उघडा."

लोकांना बाँबची भीती, मला धुळीची! वावटळ सुटली होती, आणि उघड्यावर डबा उघडायचा म्हणजे काय? पण उघडला. कापूस बाजूला केला. पन्नास माणसं लांबून बघतायत. शेवटी एक म्हातारी काठी टेकत सरळ माझ्यापाशी आली, डब्यात वाकून बघितलं आणि गाडीकडं वळून ओरडली,

"आवं या समदी! ह्यात तर भाजी बी न्हाई!"

*

इकबालभाईंनी प्रोसेसर चिमटीत धरला, उन्हाकडं करून बघितला, फुंकर मारली. प्रत्येक वेळी माझ्या तोंडातून 'अगागा' निघत होतं.

"इतका डरता कशाला भाई?" ते म्हणाले. "मी कॉम्प्रेसर हातात घेऊन फिरतो."

"कॉम्प्रेसरला साडेतीनशे पाय नसतात, भाई. ह्यातला एक वाकला तरी संपलं!"

इकबालभाई थबकले. त्यांनी प्रोसेसर उलटा केला, ते बारीक बारीक सोनेरी पाय बघितले. मग तो अलगद कापसावर ठेवला, बाहेर जाऊन हात साबणानं धुतले, टॉवेलला पुसले, आत येऊन खुर्चीवर बसले.

"आता मला पन डर लागला," ते म्हणाले. "तुमी कशाला सांगितलं?"

त्या दिवसापासून आमच्यात भिणारे दोन झाले. पण डबी त्यांनी अशी केली की बघत राहावं. रेडिएटरही त्यांनीच केला. सुभेदार काकांनी भंगारातून एका जुन्या जीपचा रेडिएटर आणला होता, त्याचा वहीएवढा तुकडा कापून दोन्ही बाजूंनी झाळून दिला. नळ्या म्हणून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. टाकी म्हणजे गोळ्या-बिस्किटांची प्लॅस्टिकची बरणी. परदेशात ह्याला काय म्हणतात माहीत नाही, साताऱ्यात एवढंच मिळालं.

*

मध्येच माणातून एक नात्यातले मामा आले, मुलीच्या पत्रिका करायला. भिंतीवर काकांचा नकाशा टांगलेला. मामा बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये पानी कुटनं कुटं चाललंय?"

मी सांगितलं.

"दिसाला हंडं किती लागत्याल?"

"हंडे नाही मामा. एक तांब्या."

"रोज एक तांब्या?"

"रोज नाही. एकदाच. तेच पाणी फिरत राहतं."

"त्येच?"

"तेच."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन उन्हाळे त्यांच्या गावाला टँकर येत होता, तोही आठवड्यातून दोनदा. विचार करून करून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला वाटलं, आता म्हणणार, आमच्या गावाला बसवून द्या. पण मामा उठले, दार लोटून आले आणि हळू आवाजात म्हणाले,

"दिलीप, ह्ये भाईर कुटं बोलू नगं. सरकारला कळलं तर आमचा टँकर बंद करत्याल!"

*

सगळं सामान जमलं, पण मशीनला जोडायची माझी हिंमत होईना. म्हणून सरांनी तोड काढली. आधी सगळी जोडणी मशीनच्या बाहेर करायची, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि आठवडाभर पाणी फिरवत ठेवायचं. कागद कोरडा राहिला तरच मशीनला हात लावायचा.

पाणीही साधं नाही, बॅटरीत घालतात ते. त्यात क्षार नसतात म्हणून वीज सहज वाहत नाही, असं सर म्हणाले. "सहज म्हणजे?" मी विचारलं. सर म्हणाले, "म्हणजे थोडा वेळ मिळतो." ह्या उत्तरानं मला किती धीर आला असेल ते तुम्हीच ठरवा.

पहिले दोन दिवस कागद कोरडा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गुडघ्यावर बसून, नाक नळीला लावून बघत होतो, आणि कागदावर थेंब! चांगला रुपयाएवढा!

सगळी जोडणी सोडली. सुभेदार काकांनी सगळ्या क्लिपा परत आवळल्या. चौथ्या दिवशी परत थेंब, ह्या वेळी दोन. इकबालभाई सांगलीहून आले, झाळ तपासली, कानाला हात लावून म्हणाले, "माझी नाही." पाचव्या दिवशी तीन थेंब! सरांनी प्रत्येक थेंबाभोवती पेनानं गोल काढला, वेळ लिहिली, तक्ता केला. तक्त्यावरून एवढंच निघालं की गळती फक्त दुपारी होते आणि मी दुकानात असलो की होते.

शोभा दाराला टेकून हे सगळं बघत होती. कमरेला हात लावून हळूच आली आणि पदरानं माझं कपाळ पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही वाकून बघायचं थांबवा. गळती थांबेल."

माझाच घाम होता तो!

*

आता हसू येतं. तेव्हा हसलो नाही, खरं सांगतो.

त्याच दुपारी सगळे गेल्यावर शोभानं चुलतभावाचं पत्र माझ्यापुढं ठेवलं. दुसरं आलं होतं. जागा पंधरा दिवसच रिकामी राहणार, मग दुसरा माणूस घेणार, असं लिहिलेलं.

"मला भीती वाटते गं," मी म्हणालो.

"कशाची? मशीन जळायची?"

"सगळ्याची. नाही जोडलं तर काम जाणार. जोडलं आणि गळलं तर मशीन जाणार."

ती शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मला पाण्याची भीती नाही वाटत. विजेची नाही वाटत. बाळंतपणाचीसुद्धा एवढी नाही. तुम्ही बॅग भरताना मी काय करू, ह्याची वाटते." आणि रडायला लागली. मीही रडलो. मग तिनं डोळे पुसून पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, "रविवारी जोडा. जे व्हायचं ते होऊ दे एकदा."

बाई माणूस असं म्हणाल्यावर पुरुषानं किती भ्यायचं, यालाही मर्यादा असते. मी ती मर्यादा ओलांडून रविवारपर्यंत भीत राहिलो, पण रविवारी जोडलं.

*

रविवारी सकाळपासून चौघं कामाला लागलो. कॅबिनेट टेबलावर नको, खाली थेंब पडला तर दिसला पाहिजे, म्हणून ते जमिनीवर लाकडी पाटावर बसवलं. एक बाजू उघडी. शेजारी बरणी, रेडिएटर, आणि जमिनीवरच एक्स्टेन्शन बोर्ड, कारण वायर तेवढीच पुरत होती. इकबालभाईंनी डबी बसवली. बसवताना ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं नाही.

सुभेदार काका भिंतीला, मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले.

"काका, बसा की," मी म्हणालो.

"पहाऱ्यावरचा मानूस बसत नसतो," काका म्हणाले. "काय झालं तर ह्यो खटका खाली. तुमी बगा मशीन, मी बगतो खटका."

बारा वाजता मशीन सुरू केलं. पंप घरघरला. नळीतून पाणी निघालं, एक बुडबुडा डबीत गेला, दुसरीकडनं बाहेर आला. सर थर्मामीटर लावून बसले. साडेबारा. पत्रा तडतडायला लागला. पावणेएक. मी एका हळदीच्या पाकिटाचं डिझाइन उघडलं, त्यात चार रंगांचे फोटो टाकले, मुद्दाम मशीनला घाम फोडला. एक वाजला.

पडदा हलता होता.

एक वाजून दहा. हलता होता! सव्वा झाला! सर ओरडले, "दिलीपराव, आहे तिथंच आहे टेंपरेचर, पारा हललेला नाही!" इकबालभाईंनी मला मिठी मारली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी भिंतीला पाठ टेकून बसलो. मला वाटलं, संपली भीती. आता काही होत नाही. आता मी साताऱ्यातच.

तेवढ्यात माझी आई आली.

आई शोभाच्या बाळंतपणासाठी गावाहून यायची होती, संध्याकाळच्या गाडीनं. ती सकाळच्याच गाडीनं निघाली. मागच्या दारानं घरात शिरली. शोभानं तिला सांगितलं असणार की आज मशीन जोडलंय, ते चाललं तर दिलीप मुंबईला जात नाही. एवढं ऐकल्यावर आई पाणी प्यायलाही बसली नाही.

आमच्याकडं नवी सून दारात आली, नवं खोंड आलं, गाडी आली, तरी आधी भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि पायावर पाणी घालायचं. त्याशिवाय घरात घ्यायचं नाही. टायरवर घातलेलं मी पाहिलंय, इंजिनाच्या पंपावर घातलेलं पाहिलंय. पण त्या दोन महिन्यांत आम्ही चौघांनी झाळ, क्लिपा, नळ्या, घाम, सगळ्याचा विचार केला, ह्याचा नाही केला!

आई आतल्या दारातून आली. अनवाणी. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या काठोकाठ भरलेला. आम्हाला वाटलं, बघायला आलीय. इकबालभाई तर बाजूला सरकून जागा करून देत म्हणाले, "या या अम्मा, बघा तुमच्या लेकानं काय केलंय!"

ती मशीनपुढं वाकली. तुकडा तीनदा ओवाळला आणि दाराबाहेर फेकला. पंप घरघरत होता, बरणीत पाणी फिरत होतं. तिनं हात जोडले आणि मशीनला म्हणाली,

"आलास तर ऱ्हा बाबा. माज्या लेकाला हितंच ठीव. ह्येच्या बापाची वाट बगण्यात माजा जनम गेला. ह्या पोरीचा नगं."

मला कळलं. तिच्या मनगटाचा कल बदलला आणि मला सगळं कळलं. दोन महिने मी प्रत्येक गोष्टीला ओरडलो होतो. एसटीत ओरडलो, ग्लास बघून ओरडलो, नुसती फुंकर मारली तरी ओरडलो. आणि त्या क्षणी माझ्या घशातून आवाज फुटेना!

आईनं सगळा तांब्या पाटाच्या पायाशी ओतला.

पाणी फरशीवर पसरलं. तिच्या अनवाणी पायांखाली गेलं, पाटाखाली गेलं, तिथनं बोर्डाकडं निघालं. सर खुर्चीवर चढले. इकबालभाईंनी डोळे झाकले. मी आईकडं बघत होतो. मशीनकडं नाही. मशीन मला दिसतच नव्हतं.

खट्!

पडदा काळा झाला. पंप थांबला. आढ्याचा पंखा दोन फेरे मारून थांबला. दुकानात कुणी हालंना. पाणी बोर्डाखाली जाऊन साचलं, आणि आई मधोमध, ओल्या पायांनी, रिकामा तांब्या छातीशी धरून वर पंख्याकडं बघत उभी.

"लाइट गेली व्हय रं?" ती म्हणाली. "तुमच्या साताऱ्यात बी जाती?"

सुभेदार काका दोन्ही हातांनी खटका दाबून धरून उभे होते.

"जाती की, अक्का," ते म्हणाले. "कवा कवा."